टाचेची तपासणी आणि मामाचं तत्त्व

माझ्या टाचांना भेगा आहेत, आणि त्या दिवशी डाव्या मोज्याला भोकही होतं. बूट काढावा लागणार हे आधी माहीत असतं तर मी त्या खुर्चीत बसलोच नसतो.

अकोल्यात आमच्या वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये महिला मंडळानं हाडांची मोफत तपासणी ठेवली होती. मोठ्या अक्षरात ‘महिलांसाठी’ असं लिहिलेलं होतं. तपासणी म्हटलं की माझी बायको घाबरते, म्हणून मी सोबत गेलो. मागच्या खुर्चीवर बसून तोंडाची टकळी चालू ठेवणं एवढंच माझं काम होतं, आणि ते मला उत्तम जमतं.

टेबलाखाली वजनकाट्याहून थोडं मोठं एक यंत्र होतं. त्यात पाऊल बसेल अशी खोबण. एक मुलगी प्रत्येक बाईची टाच पुसायची, तिला थंडगार चिकट मलम लावायची आणि पाय खोबणीत ठेवायची. मग दोन्ही बाजूंनी दोन गाद्या येऊन टाचेला चिकटायच्या. सुई नाही, फोटो नाही. आवाजानं हाड तपासतात असं सांगितलं होतं, म्हणून बायका कान टवकारून बसल्या होत्या, आणि काहीच ऐकू येईना.

“आवाज तं येतच नाई बाई,” एकीनं तक्रार केली.

त्या मुलीनं समजावून सांगितलं की हा आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. तो टाचेच्या एका बाजूनं आत शिरतो आणि दुसरीकडून बाहेर पडतो. हाड आतून भरलेलं असेल तर तो झरकन जातो, विरळ झालेलं असेल तर त्याची चाल मंदावते. टाचच का, तर तिथलं हाड आतून जाळीदार असतं, पाठीच्या मणक्यासारखं, आणि वर मांसही फारसं नसतं.

“म्हणजे टरबूज वाजवून पाहतात तसं,” मी मागून मोठ्यानं म्हणालो. बायका हसल्या. मला बरं वाटलं.

बायकोचा निकाल पिवळ्या पट्ट्यात आला. हाड थोडं कमी आहे, उन्हात चाला, खाण्याकडे लक्ष द्या, असं तिला सांगितलं. मी लगेच, “आता हिला घरात सांभाळून ठेवावं लागेल, काचेची बाई,” असं म्हणून घेतलं. रांग संपली होती. ती मुलगी म्हणाली, “काका, तुम्हीपण बघा ना.” मी उठलो, आणि आखाड्यात उतरल्यासारखा खुर्चीत जाऊन बसलो.

हे का, ते सांगायला हवं. मी जिनिंगमध्ये कापसाची प्रत बघायचं काम करतो, पण तरुणपणी मी पोती उचलत होतो. आमच्या नात्यात कुणाचं कपाट हलवायचं असो, कूलर गच्चीवर चढवायचा असो, फोन मला यायचा. दुसरं मला काय येतं? शिक्षण जेमतेम, दिसायला बरा म्हणावा असाही नाही. जे काही नाव होतं ते या पाठीचं होतं.

मोजा काढला. भोक दिसलं, भेगा दिसल्या. त्या पोरीनं टाच पुसली. गाद्या येऊन चिकटल्या. तिनं पडद्याकडे पाहिलं आणि परत मलम लावलं. मग म्हणाली, दुसरा पाय द्या. हॉलमधली कुजबुज थांबल्यासारखी वाटली मला. निकाल लाल पट्ट्यात होता, दोन्ही पायांचा.

एक म्हातारी मघापासून माझ्या विनोदांना हसत होती. ती म्हणाली, “काहून भाऊ, कापसात राहून राहून हाडाचाबी कापूस झाला का?”

सगळा हॉल हसला. तिनं वाईट मनानं म्हटलं नव्हतं, मीच तर सुरुवात केली होती. पण माझे कान तापले. बायकांच्या तपासणीत, बायकांच्या दुखण्यात, बायकांपुढे मी नापास झालो होतो. बूट घालताना नाडी काही केल्या बांधली जात नव्हती.

शिबिराच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बोलावलं. कुठल्या गोळ्या चालू आहेत का, असं विचारलं. मी नाही म्हणालो. बायको म्हणाली, “दम्याच्या घेतात ना. पांढऱ्या, बारक्या.” तेव्हा मला तिचा राग आला. कापसाच्या तुसानं मला वर्षानुवर्षं दम लागतो. एकदा एका डॉक्टरांनी काही दिवसांसाठी म्हणून त्या गोळ्या दिल्या होत्या. घेतल्या की छाती मोकळी व्हायची, भूक लागायची, अंगात जोर यायचा. मग मीच जुनं पाकीट दाखवून दुकानातून आणत राहिलो. डॉक्टरांकडे परत गेलो नाही, गरजच वाटली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “याच गोळ्या दीर्घकाळ घेतल्या की हाडं खातात. पण आता एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं आहे. छातीच्या डॉक्टरांना दाखवा. आणि टाचेची ही तपासणी म्हणजे नुसती चाळणी आहे. नक्की काय ते डेक्सा, म्हणजे हाडांचा खास एक्स-रे, केल्यावर कळेल.”

डेक्सासाठी अमरावतीला गेलो. अमरावतीत माझी थोरली बहीण राहते. अमरावतीत जाऊन तिच्या घरी पाणी न पिता परत यायचं, हे मी जन्मात कधी केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. ऊन होतंच, तोंडाला दुपट्टा गुंडाळला आणि ऑटोत मागे सरकून बसलो, कुणी ओळखू नये म्हणून. चोर असल्यासारखा.

डेक्सानं टाचेचंच म्हणणं खरं ठरवलं. पाठीचा एक्स-रेही काढला. त्यात एक मणका आधीच दबलेला निघाला. “उंची कमी झाल्यासारखी वाटते का?” डॉक्टरांनी विचारलं. मी नाही म्हणालो, आणि म्हणता म्हणता मला माझ्या पँटी आठवल्या. सगळ्यांच्या मोहऱ्या जमिनीला घासत होत्या, आणि त्यापायी मी शिंप्याशी कडाक्याचं भांडून आलो होतो. पाठ दुखायची ती मी गॅसवर ढकलत होतो. डॉक्टरांनी औषध सुरू केलं, गोळ्या हळूहळू कमी करून दम्याचा पंप दिला आणि बजावलं, वाकून वजन उचलायचं नाही. झटका तर अजिबात द्यायचा नाही, आणखी मणके दबतील.

घरी आल्यावर मी बायकोला शपथ घातली, हे कुणाला कळता कामा नये. ती म्हणाली, “यात लपवाचं काय हाय? दुखनं हाय ते.” मी तिच्यावर ओरडलो. त्यानंतर सिलिंडर आला की ती तो दारातून आत ओढत न्यायची, आणि मी आधी दार लावून घ्यायचो. तिचं हाडही पिवळ्या पट्ट्यात होतं हे मला माहीत होतं. तरी मला काळजी होती ती शेजाऱ्यांना दिसेल याची.

आणि अशातच ताईचा फोन आला. धाकट्या भाचीचं लग्न ठरलं होतं.

आमच्या घराण्यानं धम्म घेतला तेव्हा लग्नातल्या बहुतेक जुन्या गोष्टी मागे टाकल्या. एक राहिली. मामानं नवरीला दोन्ही हातांवर उचलायचं आणि खोलीच्या दारापासून मंचापर्यंत न्यायचं. ती का राहिली, कोण जाणे. तिच्यात देव नव्हता, मामा होता, म्हणून असेल. ताईला आमच्या मामानं असंच नेलं होतं. थोरल्या भाचीला मी नेलं. नुसतं नेलं नाही, लोक शिट्ट्या मारायला लागले तशी तिला घेऊन सगळ्या हॉलला एक चक्कर मारली. तो फोटो ताईच्या बैठकीत दारासमोरच लावलेला आहे. ताईला दोन मुली आणि मी एकटा भाऊ. म्हणजे धाकटीला कोण उचलणार, हा प्रश्नच नव्हता.

फोनवर धाकटी आली. ती नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात नोकरीला आहे, बोलायला चुरचुरीत. म्हणाली, “मामा, मोठ्या ताईले एक चक्कर मारली होती. मले दोन पाह्यजेत. आत्ताच सांगून ठेवते.”

“मारू की,” मी म्हणालो. फोन ठेवला आणि पलंगावर बसून राहिलो.

तेव्हाच सांगून टाकायचं. पण ‘मला उचलता येणार नाही’ हे चार शब्द माझ्या तोंडून निघेनात. मी आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिले, हे लिहायलाही कसंसं होतं. तिथेही निघाले नाहीत.

मग मला तत्त्व सुचलं.

लग्नाच्या बोलण्यासाठी ताईकडे सगळे जमले होते. भाऊजी होते, थोरली भाची, तिचा नवरा, आणखी दोन-तीन नातेवाईक. चहा झाला. विषय निघाला तसा मी घसा खाकरला आणि सुरू झालो. मुलगी म्हणजे काय वस्तू आहे का, एकानं उचलायची आणि दुसऱ्याच्या हवाली करायची? शिकलेली, कमावती मुलगी स्वतःच्या पायांनी मंचावर का जाऊ नये? आपण धम्माची माणसं, आपण नाही सोडणार तर कोण सोडणार? जयंतीला विहारात भाषणं ऐकून ऐकून माझ्याकडे शब्दांची कमी नव्हती. बोलता बोलता मी हातही हलवायला लागलो. बायको बाजूलाच बसली होती. ती मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

ताई मला लहानपणापासून ओळखते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बावीस प्रतिज्ञांत कुठं लिहिलं हाय, का मामानं भाचीले उचलू नये म्हनून?”

“लिहिलं नसलं म्हणून काय झालं, अर्थ समजून घ्यावा लागतो.”

“अन् मोठीले उचललं तेव्हा कुठं गेला होता तुहा अर्थ?” तिनं भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं.

“तेव्हा समज नव्हती,” मी म्हणालो. “आता आली.”

“तं माह्या धाकटीच्याच वाट्याले तुही समज आली. वा रे भाऊ!” ताईचे डोळे भरून आले. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटण्याचा आवाज येत राहिला. भाऊजी तोडगा काढायचा म्हणून म्हणाले, चुलत मामाला उचलायला सांगू. तेच ठरलं. धाकटी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, ती आता रडेल किंवा चिडेल. ती नुसती विचार करत होती. तिच्याकडे मला बघवेना.

नंतर ताईचे फोन बंद झाले. जे काय विचारायचं ते ती माझ्या बायकोला विचारायची. बायको रोज म्हणायची, “सांगून टाका ना. त्यांचा जीव तुटून राहिला तिकडं.” आणि मी रोज उद्यावर ढकलायचो. सांगायचं तर आता दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या, आधी हाडाची आणि मग खोटं बोलल्याची. एक होती तेव्हाच जमलं नव्हतं. एकदा तर मनात आलं, दुखलं तर दुखू दे, कंबरेला पट्टा बांधून तिला उचलावंच. घरात कुणी नसताना गव्हाचं अर्धं पोतं उचलून पाहिलं. पाठीतून जी कळ गेली तिनं मी तिथंच खाली बसलो. किती वेळ उठता येईना. बायको आली तेव्हा मी पोत्याला टेकून बसलो होतो, आणि तिनं बगलेत हात घालून मला उठवलं.

लग्न बडनेरा रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये होतं. चुलत मामा नवीन कुर्ता घालून आला होता आणि खोलीच्या दाराशी बाह्या सरसावून उभा होता. माणूस चांगला, पण त्याला पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या जागेवर तो उभा होता, आणि त्याला तिथं मीच उभं केलं होतं. ताई माझ्या समोरून दोनदा गेली, दोन्ही वेळा न बघता. नात्यातले लोक मला विचारत होते, “काय मामा, तयार ना?” मी हसून वेळ मारून नेत होतो.

दार उघडलं. पांढऱ्या साडीत धाकटी बाहेर आली. चुलत मामा पुढे झाला तसा तिनं हात जोडले आणि त्याला थांबवलं. मग एकटी चालत निघाली. सगळे बघत राहिले. हॉल भरलेला होता, पण तिच्या पैंजणांचा आवाज येत होता. ती मंचावर चढली आणि बौद्धाचार्यांच्या हातातून तिनं माईक मागून घेतला.

“तुमी सगळे इचार करून राहिले असान, का हिले मामानं काहून नाई आनलं,” ती म्हणाली. तिचा आवाज आधी थोडा कापत होता. “माह्या मामानं मोठ्या ताईले उचलून आनलं होतं. मलेबी तसंच पाह्यजे होतं, मी हट्टच धरला होता. मामा म्हनला, तू शिकली, कमावते, तुह्या पायानं जा. मले तेव्हा वाईट वाटलं. मंग मी लय इचार केला. माह्या मामाच्या अंगात एवढा जोर हाय, का तो मले घेऊन आख्ख्या अमरावतीले चक्कर मारीन. तरी तो नाई म्हनला. आपली ताकद दाखवाचा चान्स असून जो मानूस नाई म्हनते, त्याचं आयकलं पाह्यजे, असं मले वाटलं.”

आधी कुणीतरी एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. बौद्धाचार्यांनी माईक हातात घेऊन माझं कौतुक केलं, अशा मामांची समाजाला गरज आहे म्हणाले. मला उभं राहायला सांगितलं. मी उभा राहिलो. शेजारच्या माणसानं पाठीवर थाप मारली, नेमकी त्या मणक्यावर, आणि मी कळवळलो ते लोकांना भरून आल्यासारखं वाटलं. मंचासमोर बसलेल्या तीन-चार पोरी माझ्याकडे वळून वळून बघत होत्या. मला वाटत होतं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं. शिबिरात हसले होते लोक, तेव्हा एवढी लाज वाटली नव्हती. तिथं नुसती हाडं उघडी पडली होती.

निघताना धाकटी माझ्या गळ्यात पडली. “मामा, तुमी बोलले म्हनून जमलं मले,” म्हणाली. मी तोंड उघडलं. “सुखानं राहा,” म्हणालो, आणि ती गाडीत बसली.

हॉल रिकामा होत होता. मी पायरीवर बसलो होतो. ताई आली, माझ्या शेजारी बसली आणि माझा हात हातात घेतला.

“चुकलं माहं भाऊ,” ती म्हणाली. “लय वंगाळ बोलली मी तुले. पोट्टीले समजलं ते मले नाई समजलं. माफ कर मले.”

माझी थोरली बहीण माझी माफी मागत होती. त्यानंतर मला थांबवता येईना. टाच, लाल पट्टा, गोळ्या, दबलेला मणका, तोंडाला दुपट्टा बांधून तिच्या घरावरून गेलो ते, सगळं सांगितलं. तत्त्व खोटं होतं हेही सांगितलं. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हतो.

तिचा हात माझ्या पाठीवरून हळूहळू फिरत खाली गेला आणि एका जागी थांबला. “अथी?” तिनं विचारलं. मी हो म्हणालो.

“काहून नाई सांगतलं मले?”

“लाज वाटली.”

“माही?” तिचा आवाज चढला. “आई वावरात जाये तं दिवसभर तुले कडेवर घेऊन हिंडली मी. माही लाज वाटली तुले? सांगतलं असतं तं मीच तुले कडेवर घेऊन मांडवात नेलं असतं.” आणि ती हसली आणि लगेच रडायला लागली. मीही रडलो. भाऊजी लांबून बघत होते, त्यांना वाटलं पोरगी गेली म्हणून रडताहेत.

डोळे पुसून झाल्यावर मी खिशातून फोन काढला. म्हणालो, “तिला फोन लावतो. आत्ताच सांगून टाकतो, खरं काय ते.”

ताईनं माझा हात धरला.

“नको लावू,” ती म्हणाली. “तुह्या शब्दावर ती एवढ्या लोकाईपुढं एकटी चालत गेली. ते तिनं मनापासून केलं. आता सांगून तू मोकळा होशीन भाऊ, अन् तिनं काय कराचं?”

मी फोन खिशात ठेवला.